माझ्यासमोर काढून दिलेली पहार

मी संशयी माणूस आहे. घरचे म्हणतात म्हणून नव्हे, माझं मलाच ते चांगलं ठाऊक आहे. लोखंडी सामानाच्या धंद्यात भोळेपणा परवडत नाही. पहार, टिकाव, कोयता, कुलूप, बिजागरी, जे काही मी विकतो ते कुणाचं घर बांधायला चाललंय की फोडायला, हे गिऱ्हाइकाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून मी आधी माणसाचं तोंड बघतो, मग वस्तू काढतो. बायको गिरणीतून दळण घेऊन आली तरी मी डब्याचं झाकण उघडून पीठ आपल्याच गव्हाचं आहे ना ते बघतो. ती म्हणते, "अवो, गव्हावर काय तुमचं नाव लिवलंय का?" तरी बघायचं काही मी सोडत नाही.

असा हा माणूस एका ठिकाणी मात्र डोळे मिटून सही करत आला.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून पोलीस ठाणं आहे. वडिलांनी जागा घेतली तेव्हा तिथं दुकान थाटायला कुणी तयार नव्हतं. पोलिसांना दर गुन्ह्यात दोन पंच लागतात. गुन्ह्याची जागा बघायला दोन, जप्तीला दोन, आरोपीने एखादी वस्तू काढून दिली तर ती त्यानेच काढून दिली हे बघायला दोन. एकट्या पोलिसांच्या शब्दावर कोर्टाने विसंबू नये, बाहेरच्या दोन माणसांनी डोळ्यांनी बघितलेलं असावं, म्हणून केलेली ही सोय. म्हणजे कायदासुद्धा माझ्यासारखाच संशयी. पण आमच्या ठाण्यात ही बाहेरची दोन माणसं वर्षानुवर्षं तीच होती. एक मी आणि दुसरा माझ्या शेजारचा शिंपी.

माझ्या आधी वडील पंच होते. जमादार कागद घेऊन आला की चहा सांगायचा, सही करायची आणि मजकूर विचारायचा नाही, एवढं त्यांनी मला गल्ल्यावर बसवतानाच शिकवलं होतं. आम्ही वाणी माणसं. ठाण्याशी वाकडं घेऊन आमचं चालत नाही. दुकानातली घमेली आणि पत्र्याच्या पेट्या निम्म्या रस्त्यावर मांडलेल्या असतात, त्याकडे पोलीस बघत नाहीत, हा एक फायदा. दुसरं म्हणजे कागदावर माझ्या नावापुढे 'प्रतिष्ठित व्यापारी' असं लिहिलेलं असायचं. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पद्धत ठरलेली होती. जमादार यायचा, स्टूल ओढून बसायचा आणि म्हणायचा, "आप्पा, दोन सह्या हाना बरं." कागदाच्या तळाशी त्याने पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असायची. वर सगळा कोरा कागद. सोबत बोटभर रुंदीच्या चिठ्ठ्या. जप्त केलेली वस्तू गोणपाटात गुंडाळून तिला लाखेचं सील लावतात आणि त्यावर पंचांच्या सहीची चिठ्ठी डकवतात, त्यासाठी त्या. मी दहा-बारा चिठ्ठ्यांवर एका बैठकीत सह्या करून टाकायचो, पुन्हा पुन्हा त्रास नको म्हणून. पुढे कधीतरी कोर्टाचं समन्स यायचं. मी धुतलेला सदरा घालून जायचो, जमादार कोर्टाच्या दारात काय बोलायचं ते पढवायचा आणि मी आत जाऊन सांगायचो, होय, माझ्यासमोर. होय, सही माझीच. वकील उलटसुलट विचारायचा, मी ढळायचो नाही. मग घरी येऊन जेवायचो. असं किती वेळा केलं ते मी कधी मोजलं नाही.

तीन गणपतींमागची गोष्ट. गणपती उठायच्या दोन दिवस आधी जवळच्या एका खेड्यात घरफोडी झाली. आठवड्याच्या आत पोलिसांनी एका पारध्याला धरलं. गावाबाहेर गायरानात पाल टाकून राहणारा, चकलांब्याकडच्या शेतांत कापूस वेचायला जाणारा, दोन लेकरांचा बाप. तो पकडला गेला हे ऐकून मला बरं वाटलं. आमच्याकडे पारधी म्हटलं की चोर, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मीही तसाच वाढलो. दुकानात कुणी पारधी शिरला तर मी उठून उभा राहायचो आणि तो पायऱ्या उतरेपर्यंत खाली बसायचो नाही. जमादार कागद घेऊन आला, मी सह्या केल्या. आरोपीने पालामागे पुरून ठेवलेली पहार आमच्या दोघांसमक्ष काढून दिली, असा तो पंचनामा होता. हे मला फार नंतर कळलं.

दिवाळी झाल्यावर एक बाई दुकानासमोर येऊन बसायला लागली. समोर एक बंद पडलेली गिरणी आहे, तिच्या पायरीवर. कमरेला पोर, हातात प्लास्टिकची पिशवी. काही मागायची नाही, कुणाशी बोलायची नाही, नुसती माझ्या दुकानाकडे बघत बसायची. दुपारी उठून जायची आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा हजर. माझ्या मनात पाल चुकचुकली. ही टेहळणी करते आहे, माल कुठे ठेवतो, शटर कधी ओढतो, सगळं बघून ठेवते आहे, असं मी धरून चाललो. दुकानाचं कुलूप बदललं. मागच्या खिडकीला आडवी पट्टी ठोकून घेतली. शेवटी जमादाराला सांगितलं की हिला इथून हाकला.

तो हसला. "आवो आप्पा, ती त्या पारध्याची बायकू हाय. कोर्टाची तारीख असली की येती. त्याला बीडहून आनत्यात तवा तोंड बघाया मिळतं तेवढंच. बसू द्या की."

"पण माझ्याच दुकानासमोर का?"

"आता तिला काय म्हाईत तुमी पंच हाय म्हून?"

हे ऐकून मला जास्तच भीती वाटली. कारण मी पंच असल्याचं मी बोललोच नव्हतो. मी टेहळणीचं बोलत होतो.

त्याचा जामीन मंजूर झाला होता असंही जमादाराने बोलता बोलता सांगितलं. पण जामीनदार मिळत नव्हता. नावावर जमीन किंवा घर असलेला माणूस उभा राहायला हवा आणि पारध्यासाठी तसा कोण उभा राहणार. त्यामुळे खटला संपेपर्यंत तो आत. जमादार हे पावसापाण्याचं बोलावं तसं बोलला आणि मीही तसंच ऐकलं.

पुढच्या तारखेला ती बाई पायऱ्या चढून वर आली. मी सवयीने उठून उभा राहिलो.

"आप्पा, एक इचारू का?"

"काय पाहिजे?"

"माझ्या मालकानं तुमच्यासमोर पहार काढून दिली म्हनत्यात. तवा त्याच्या पायात चप्पल व्हती का?"

मी गडबडलो. इतक्या वर्षांत वकिलांनी मला काय काय विचारलं होतं, पण चपलेचं कुणी विचारलं नव्हतं. "होती की," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तो चप्पल घालीतच न्हाई, आप्पा. ल्हानपनापासून न्हाई."

मी पकडलो गेलो होतो आणि त्याचा मला राग आला. मी ओरडलो की इथून निघ, नाहीतर मागे ठाणं आहे, बोलावतो. ती खाली उतरली आणि पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसली. पोराला पिशवीतली भाकरी चारू लागली.

त्यानंतर मला कुणाचाच भरवसा वाटेना. हिला माझं नाव कुणी सांगितलं? शिंप्याने? तो तसा गप्पिष्ट आहे. की वकिलाने? कोर्टाने त्या पारध्याला फुकट वकील दिला होता, बीडची एक तरुण बाई. तिने या बाईला पढवून पाठवलं असेल, म्हणजे मी दुकानात एक बोललो आणि कोर्टात दुसरं बोललो की पकडता येईल. की जमादारच मला खेळवतो आहे? मी शिंप्याला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "आप्पा, पंचाचं नाव आरोपीला मिळतंच. कागदाची नक्कल देत्यात त्याला." एवढ्या वर्षांत ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती. ज्याच्याविरुद्ध मी सही करायचो त्याच्या हातात माझं नाव, गाव, धंदा सगळं लिहून दिलं जायचं.

खटला रखडत चालला. एक दिवाळी गेली, मग अजून एक पावसाळा. शिंप्याची साक्ष आधी झाली. 'होय, माझ्यासमोर' म्हणून तो मोकळा झाला आणि त्याच दुपारी जमादाराच्या पोराचा सफारी शिवायला बसला. मग माझं समन्स आलं.

साक्षीच्या आदल्या दिवशी जमादार पंचनाम्याची नक्कल घेऊन आला. इतका गोड तो कधी बोलला नव्हता. "पाठ करू नका, पन चुकू बी नका. आन् हो, नगरपरिषदवाले रस्त्यावरचं सामान उचलनार म्हनत्यात. म्या हाय, काळजी करू नका." यातला दम मला कळला. दुकान बंद करून मी घरी जाऊन तो कागद वाचला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःची सही असलेला पंचनामा वाचत होतो. त्यात मी होतो. आरोपी पुढे आणि आम्ही पंच व पोलीस त्याच्या मागे असे पायी चालत गेलो होतो. पालाच्या मागे बाभळीच्या बुंध्याशी आरोपीने स्वतःच्या हाताने माती उकरली होती आणि तीन फूट लांबीची पहार काढून दिली होती. चोरीचा माल सापडला नव्हता, सगळा खटला त्या एका पहारीवर उभा होता. लिहिलं इतकं बेतशीर होतं की क्षणभर मला वाटलं, गेलो असेन बुवा.

बायकोने विचारलं, "गेलता का तुमी तिथं?"

"नाही."

"मग?"

"मग काय? दरवेळी असंच असतं."

त्या दिवशी तिने ताट वाढलं, पण माझ्याबरोबर जेवायला बसली नाही.

कोर्टात पुकारा झाला तसा मी पिंजऱ्यात जाऊन उभा राहिलो, शपथ घेतली. आरोपी कोपऱ्यात दोन पोलिसांच्या मध्ये उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो आणि कागदावर मात्र मी त्याच्या मागे मैलभर चाललो होतो. वाळलेला माणूस, केस पिकायला लागलेले. त्याच्या पायांत काही नव्हतं. दाराशी ती बाई उभी होती.

सरकारी वकिलाने गोणपाटाचं पुडकं उघडायला लावलं. चिठ्ठीवरची सही माझीच होती. आत पहार होती. "हीच ती पहार का? हातात घेऊन बघा."

मी ती हातात घेतली.

इथे माझ्या दुकानातली एक गोष्ट सांगायला हवी. लोक दुसरीकडून घेतलेलं सामान मोडलं की माझ्याकडे आणतात आणि तुमच्याकडचंच आहे, बदलून द्या म्हणून भांडतात. म्हणून मी विकताना प्रत्येक हत्याराला रंगाचा एक बारीक ठिपका देतो. पहारीला तो चपट्या टोकाच्या आतल्या अंगाला असतो, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही. दर दिवाळीच्या पाडव्याला मी रंग बदलतो, म्हणजे वस्तू कोणत्या वर्षी विकली तेही कळतं. हे मी शिंप्यालाच काय, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

पहार हातात आली आणि माझा अंगठा आपोआप तिथे गेला. ठिपका होता, हिरवा. हिरवा रंग मी घरफोडीनंतर आलेल्या पाडव्याला काढला होता. घरफोडी गणपतीतली, पंचनामा त्यानंतर चार-सहा दिवसांचा. म्हणजे पारध्याने बाभळीखालून काढून दिली म्हणतात तेव्हा ही पहार माझ्या गोदामात बिनठिपक्याची पडलेली होती. मग मला आठवलं. दिवाळीनंतर जमादार स्वतः येऊन एक पहार घेऊन गेला होता. ठाण्याच्या आवारात झाडं लावायचीत, खड्डे घ्यायचेत, असं म्हणाला होता.

माझ्या डोक्यात सणक गेली. इथे मला माणुसकीचा पाझर फुटला असं लिहायला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. मला राग आला तो मला फसवल्याचा. माझ्याच दुकानातली पहार, माझीच चिठ्ठी आणि मीच मूर्खासारखा हात वर करून सांगायचं की होय, माझ्यासमोर. उद्या कुणी तो ठिपका शोधून काढला तर जमादार नामानिराळा आणि बेड्या माझ्या हातात. तीस वर्षं मी अख्ख्या गावावर संशय घेतला आणि ज्याच्यावर घ्यायचा त्याला रोज चहा पाजला.

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे पहार हीच असेल, पण मी तिथे गेलो नव्हतो. सही मी दुकानात बसून केली. कागद कोरा होता."

टाइप करणाऱ्या बाईचा हात थांबला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मागच्या बाकावर जमादार होता, त्याच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. सरकारी वकिलाने साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर केलं आणि माझ्यावरच सरबत्ती सुरू केली. आरोपीच्या बायकोला तुम्ही ओळखता का? ती तुमच्या दुकानात आली होती, खरं की नाही? तिच्या लोकांनी तुम्हाला धमकी दिली म्हणून तुम्ही खोटं बोलताय, असं माझं म्हणणं आहे. आजवर माझ्यावर असा उघड संशय कुणी घेतला नव्हता. मी चिडून ठिपक्याचं सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी पहार मागून घेतली, खिडकीच्या उजेडाला धरली आणि बराच वेळ बघितली. मग लिहून घ्या म्हणाले. वकीलबाईंनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. आठवड्याच्या आत नगरपरिषदेची गाडी येऊन रस्त्यावरची घमेली आणि पेट्या उचलून घेऊन गेली. शिंपी माझ्याशी बोलायचा बंद झाला. जमादार दुकानावरून जाताना मान फिरवायचा. ठाण्यातून कुणी हाक मारली की वाटायचं, आता मलाच कशात तरी गोवतील. गिऱ्हाइकाने पहार मागितली तरी मी विचारायचो, कशाला? कुणी पाठवलं? पण या सगळ्याच्या तळाशी एक समाधानही होतं, ते लपवत नाही. मी खरं बोललो होतो, ठाण्याच्या भिंतीला पाठ लावून बसणारा मी.

महिन्याभराने निकाल लागला. तो निर्दोष सुटला. जवळजवळ दोन वर्षं तो आत होता. माजलगावला पाहुण्यांकडे लग्नाला गेलो तेव्हा मी ही हकीकत चार माणसांत सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि मला ते गोड वाटलं.

त्यानंतर एका दुपारी ती दोघं आली. तो खाली रस्त्यावरच थांबला, ती पायऱ्या चढून वर आली. मला वाटलं पाया पडायला आली असेल. लगेच दुसरं वाटलं, काहीतरी मागायला आली असेल. तरी मी चहा सांगितला आणि तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"तुमी बोललात म्हून तो सुटला," ती म्हणाली.

"जे खरं ते सांगितलं," मी म्हणालो.

"आप्पा, माझ्या थोरल्या दिराच्या कागदावर बी तुमचीच सही हाय."

"कुठल्या कागदावर?" मी विचारलं.

"वकीलबाईनं जुने कागद काढून बघितले. दरोड्याची केस. कोयता काढून दिला म्हून लिवलंय, तुमच्यासमोर. त्याला सात वर्सं झाली. आजून आतच हाय. तवा बी तुमी कोर्टात आलता." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग तवा कावून न्हाई बोललात?"

चहा आला. मी कप तिच्यापुढे सरकवला. या खेपेला बोललो ते पहार माझ्या दुकानातली निघाली म्हणून, हे तिला सांगायची मला लाज वाटली. आधीचा तो कोयता कुणाच्या दुकानातला होता, मी बघितलंच नव्हतं. त्या पिंजऱ्यात उभं राहून मी होय म्हणालो होतो आणि घरी येऊन जेवलो होतो.

"नाव काय त्याचं?" शेवटी मी विचारलं.

तिने नाव सांगितलं. मी ते मनाशी दोन-तीनदा म्हणून बघितलं. मला काहीच आठवलं नाही.